बैलाच्या पोटातलं गवत

त्या खोलीत तिनं तोंडातून एक शब्दही काढायचा नव्हता. डोक्याला ३२ इलेक्ट्रोड, डोळे मिटलेले, आणि कानांवर एकामागून एक वाक्यं पडत होती. वाक्यं प्रथमपुरुषी, जणू तीच बोलते आहे अशी: मी विष विकत घेतलं, मी त्याला भेटले. मधूनच एखादं 'आकाश निळं आहे' असं निरुपद्रवी वाक्य. ती गप्प होती. मेंदूतल्या विजेच्या लहरी संगणक टिपून घेत होता. यंत्र बनवणाऱ्यांचा दावा असा होता, की एखादी गोष्ट माणसानं नुसती ऐकलेली आहे की स्वतः केलेली, हे त्या लहरींवरून वेगळं काढता येतं.

पुण्यातलं हे प्रकरण. २००७ च्या जानेवारीत एका तरुणाचा आर्सेनिकमिश्रित प्रसाद खाऊन मृत्यू झाला आणि त्याच्या पूर्वीच्या प्रेयसीवर संशय गेला. मुंबईच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तिची ही चाचणी झाली. १२ जून २००८ रोजी पुण्याच्या सत्र न्यायालयानं तिला जन्मठेप सुनावली. पुरावा एवढाच नव्हता, परिस्थितीजन्य पुरावेही होते. पण न्यायालयानं या चाचणीला निकालपत्रात मानाचं स्थान दिलं आणि जगभरातल्या मेंदूशास्त्रज्ञांनी कपाळाला हात लावला. एवढ्या वजनाचा निष्कर्ष पेलेल असं संशोधन तोवर कुठल्याही मान्यवर नियतकालिकात तावूनसुलाखून निघालेलंच नव्हतं. त्याच वर्षी बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ही पद्धत अशास्त्रीय ठरवली. पुढे उच्च न्यायालयानं त्या तरुणीला जामीन दिला.

ती दोषी होती की नव्हती, हे ठरवणं माझं काम नाही. मला त्या खोलीतल्या शांततेनं धरून ठेवलं आहे. बाई काही बोलत नाही, कुणी तिला काही विचारतही नाही, तरी तिचं शरीर आपल्याला सगळं सांगेल, असा विश्वास त्या खोलीत भरून होता. यंत्र नवं होतं. विश्वास फार जुना आहे, आणि तो प्रयोगशाळेत जन्मला नाही. तो घराघरात वाढतो. माझ्या घरात तो कसा वाढला, हे मला चांगलं आठवतं.

आम्ही तेव्हा कऱ्हाडला राहत होतो. मी दहा वर्षांची. भांडी घासायला येणाऱ्या बाईंबरोबर त्यांची मुलगी यायची, माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी. एके दिवशी आजीनं जपून ठेवलेले पाचशे रुपये सापडेनात. त्या काळी ती रक्कम मोठी होती. घरात चार दिवस शोध चालला आणि मग सगळ्यांच्या नजरा त्या मुलीकडे वळल्या. तिला मधल्या खोलीत उभं केलं. ती खाली बघत राहिली. परकराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. कपाळावर घाम. विचारलेल्याचं उत्तर देताना चाचरली, आधी एक म्हणाली, मग दुसरंच. आजी म्हणाली, "बघा, बघा, नजर कशी चोरतेय." मीही पाहिलं, आणि मलाही ते स्पष्ट दिसलं. खरंच दिसलं. दुसऱ्या दिवसापासून दोघीही यायच्या बंद झाल्या.

'नजर चोरणे' हा शब्दप्रयोगच पाहा. डोळे खाली घालणं म्हणजे चोरी, हा निवाडा आपल्या भाषेनं आधीच देऊन ठेवला आहे. चोराच्या मनात चांदणं, खाई त्याला खवखवे, चेहराच सांगतो सगळं: म्हणींचा अख्खा साठा याच बाजूनं साक्ष देतो. पण त्याच घरात त्याच मुलांना आणखी एक वाक्य ऐकावं लागतं: "वर तोंड करून बोलू नकोस." मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणं हा उद्धटपणा. सुनेनं सासऱ्यासमोर मान खाली ठेवायची, गड्यानं मालकासमोर, शिष्यानं गुरुजींसमोर. आयुष्यभर ज्याला खाली बघायला शिकवलं, त्याला संशयाच्या घटकेला अचानक सांगायचं, माझ्या डोळ्यांत बघून बोल. खाली बघितलं तर चोर, वर बघितलं तर निर्ढावलेला. त्या मुलीला त्या दुपारी सुटकेची वाटच नव्हती.

आणि ही समजूत आपली एकट्याची नाही. ७५ देशांतल्या आणि ४३ भाषांतल्या लोकांना धरून संशोधकांनी एक मोठी पाहणी केली. ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. माणूस खोटं बोलतोय हे कशावरून ओळखता, या प्रश्नाला जगभर सगळ्यांत जास्त मिळालेलं उत्तर एकच होतं: तो नजर टाळतो. जवळजवळ दोन तृतीयांश लोकांनी हेच सांगितलं. जगात इतकं एकमत फार थोड्या गोष्टींवर असेल, आणि नेमकी हीच गोष्ट खरी नाही. मानसशास्त्रज्ञ बेला डीपॉलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आधीच्या सगळ्या प्रयोगांची झाडाझडती घेतली. खोटेपणाच्या १५८ खुणा त्यांनी तपासल्या. बहुतेक खुणांचा खोटं बोलण्याशी संबंधच आढळला नाही, आणि ज्यांचा आढळला त्यांचाही फार पुसट. नजर खाली जाण्याचा खोट्याशी काही धागा लागला नाही.

*

आपल्याकडे अशा खुणांची यादी निदान दीड हजार वर्षं जुनी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ती आहे. जो या जागेवरून त्या जागेवर सरकत राहतो, ओठांचे कोपरे चाटतो, ज्याचं कपाळ घामेजतं, चेहऱ्याचा रंग उडतो, घसा कोरडा पडून शब्द अडखळतात, जो फार आणि परस्परविरुद्ध बोलतो, समोरच्याच्या बोलण्याला आणि नजरेला प्रतिसाद देत नाही, ओठ मुडपतो, असा माणूस आरोपी असो वा साक्षीदार, तो दुष्ट समजावा. वाचताना मला आमची मधली खोली दिसली. परकराचं टोक तेवढं स्मृतीत नव्हतं.

पण या यादीवर पुढे एक टीका लिहिली गेली, आणि हा लेख मी खरं तर त्या टीकेसाठी लिहायला घेतला. टीकेचं नाव मिताक्षरा, टीकाकार विज्ञानेश्वर. मिताक्षरा म्हटलं की आपल्या वकिलांना एकत्र कुटुंबाची मालमत्ता आणि जन्मानं मिळणारा हक्क आठवतो. त्याच ग्रंथात, खुणांच्या या श्लोकांवर, विज्ञानेश्वरानं एक वाक्य घालून ठेवलं आहे. त्याचा आशय असा: यावरून दोषाची फक्त संभावना समजते, निश्चय होत नाही, कारण माणसाच्या अंगचा स्वाभाविक विकार कोणता आणि प्रसंगामुळे उत्पन्न झालेला विकार कोणता, याचा निवाडा करणं अवघड असतं.

बाराव्या शतकाच्या उंबरठ्यावरचं हे वाक्य आहे. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणीत ते लिहिलं गेलं. मी कल्याणीला जाऊन आले. आताचं बसवकल्याण, बीदर जिल्हा. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागायचं, उमरगा ओलांडलं की थोड्या वेळात कर्नाटकची हद्द, आणि मग सस्तापूरच्या फाट्यावरून आत वळायचं. गावात किल्ला आहे, बसवेश्वरांच्या अनुभवमंटपाचा वारसा आहे, बाजारात कानडीबरोबर मराठीही सर्रास ऐकू येते. विज्ञानेश्वराची खूण मी शोधत होते, ती गावात कुठे दिसेल अशी माझी फारशी अपेक्षा नव्हती. किल्ल्याच्या सावलीत बसून मी ते वाक्य पुन्हा वाचलं. संभावना आणि निश्चय. या दोन शब्दांत किती माणसांचं आयुष्य मावतं! ज्या धर्मशास्त्राची आपण एरवी कठोर म्हणून आठवण काढतो, त्यातल्या एका पंडितानं घामेजलेल्या कपाळाला संशयाचा फायदा दिला होता. घाम भीतीचाही असतो. घाम स्वभावाचाही असतो.

आजचं मानसशास्त्र प्रयोगांचे डोंगर उपसून याच जागी पोचलं आहे. चार्ल्स बॉण्ड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये २०६ शोधनिबंध-अहवाल एकत्र केले. त्यांत चोवीस हजारांहून जास्त माणसांनी दुसऱ्यांचं खरं-खोटं ओळखण्याचा प्रयत्न केला होता. सरासरी यश ५४ टक्के. नाणं उडवून ५० टक्के मिळतं. त्यातही खऱ्याला खरं म्हणण्यात लोक ६१ टक्के बरोबर, आणि खोट्याला खोटं म्हणण्यात ४७ टक्के, म्हणजे नाण्यापेक्षाही वाईट.

इथे कुणीही म्हणेल की सामान्य माणसाचं सोडा, ज्यांचा धंदाच तो आहे त्यांचं काय? पोलीस, न्यायाधीश, मनोविकारतज्ज्ञ. पॉल एकमन आणि मॉरीन ओ'सलिव्हन यांनी १९९१ मध्ये अशा ५०९ जणांची परीक्षा घेतली. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसचे लोक सोडले तर बाकी सगळे नाण्याच्या आसपास. सॉल कॅसिन आणि ख्रिस्टिना फाँग यांच्या १९९९ च्या प्रयोगाचा निष्कर्ष तर मला सर्वांत अस्वस्थ करतो. संशयिताच्या हावभावांवरून खोटं ओळखण्याचं पोलिसी तंत्र त्यांनी काही विद्यार्थ्यांना शिकवलं, काहींना शिकवलं नाही. शिकलेल्यांचे अंदाज न शिकलेल्यांपेक्षा जास्त चुकले. आणि शिकलेल्यांना आपल्या अंदाजाची खात्री मात्र जास्त वाटत होती.

ही खात्रीच पुढे कोठडीत जाते. एकदा 'हा खोटं बोलतोय' असं अधिकाऱ्याच्या मनानं घेतलं की चौकशीचा हेतू बदलतो. मग शोध संपतो आणि माणसाला 'बोलता करणं' सुरू होतं. आपल्याकडे 'बोलता करणे' या शब्दांचा अर्थ पोलीस ठाण्याच्या आवारात वाढलेल्या पोरालाही ठाऊक असतो. न्यायालयातही हा धोका आहेच. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २८० व्या कलमानं न्यायाधीशाला साक्षीदाराच्या आविर्भावाची नोंद करण्याची मुभा दिली. ज्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढली आहे, डोक्यावरचा पदर सावरत जी पिंजऱ्यात उभी आहे, काळ्या कोटातला माणूस ओरडून विचारतो आहे आणि जिच्या तोंडून शब्द फुटत नाही, तिच्या आविर्भावाची नोंद काय करायची? मी अशा बाया पाहिल्या आहेत. विज्ञानेश्वराचं ते वाक्य प्रत्येक न्यायालयाच्या भिंतीवर लावावं असं मला मनापासून वाटतं.

*

शरीराकडून सत्य काढून घेण्याची हौस आपल्याकडे दिव्याच्या रूपानं होती. याज्ञवल्क्यानं तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्यं सांगितली. चोरीच्या संशयासाठी इतर स्मृतिकारांनी तांदुळाचं दिव्य सांगितलं: संशयितानं तांदूळ चावून पानावर थुंकायचे, रक्त दिसलं, अंग थरथरलं, तर तो दोषी. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या साऱ्याची साधार मांडणी केली आहे. तांदुळामागे एक शरीरशास्त्र दडलेलं आहे हे खरं: भीतीनं तोंडाला कोरड पडते. पण कोरड्या तोंडाला आपल्याला भीती कशाची वाटते आहे ते सांगता येत नाही, पकडले जाण्याची की विनाकारण पकडले जाण्याची.

मराठेशाहीत रवा काढण्याचं दिव्य चाले. वि. त्रिं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर १९५३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून जो ग्रंथ काढला, त्यात जुन्या कागदांच्या आधारे त्याचं वर्णन येतं. वतनाचा तंटा, दोन्ही बाजूंचे साक्षीदार सारखेच, कागद नाहीत किंवा खोटे. मग गोत आणि मजालस जमायची. दोघांकडून राजीनामा लिहून घ्यायचा, की निकाल मान्य राहील. दिव्य करणाऱ्याचे हात धुवायचे, नखं काढायची, हातावरच्या आधीच्या खुणा लिहून ठेवायच्या. कपाळाला दाव्याचा कागद बांधायचा. उकळत्या तेलातुपातून त्यानं धातूचा तुकडा, म्हणजे रवा, बाहेर काढायचा. मग हातावर पिशवी चढवून मोहोर करायची आणि काही दिवसांनी सगळ्यांसमोर ती सोडायची. हात स्वच्छ निघाला तर 'खरा झाला', भाजलेला निघाला तर 'खोटा झाला'. हरलेल्यानं येजितखत, म्हणजे हार मान्य असल्याचा कागद, लिहून द्यायचं. खुणा आधी लिहून ठेवण्यातली ती काळजी, ती मोहोर, ते लेखी करार पाहिले की कळतं, की ही अडाणी माणसांची जत्रा नव्हती. कागदोपत्री शिस्त पूर्ण होती. चूक फक्त एका ठिकाणी होती: सत्य कातडीवर उमटतं हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

तरीही दिव्यातून कधीकधी खरं बाहेर पडत असावं, ते कातडीवरून नव्हे तर तयारीवरून. अर्थशास्त्रज्ञ पीटर लीसन यांनी युरोपातल्या अग्निदिव्यांविषयी ही कल्पना मांडली. देवावर श्रद्धा असलेला गुन्हेगार तापलेलं लोखंड हातात घ्यायला पुढे येणार नाही, तो आधीच तडजोड करील. निर्दोष माणूसच पुढे येईल. म्हणजे कढईपर्यंत जाण्याआधीच निवड झालेली. तेव्हाच्या हंगेरीतल्या वाराद या गावच्या चर्चची तेराव्या शतकाची नोंदवही टिकून आहे. तिच्यात तापलं लोखंड उचललेल्या २०८ जणांपैकी १३० जण निर्दोष ठरले. तापलं लोखंड इतक्यांना न भाजता सोडत नाही, याचा अर्थ लोखंड ज्यांच्या ताब्यात होतं त्यांनाही काही कळत होतं. पण हे सारं श्रद्धेवर उभं होतं. ज्याची श्रद्धा नाही, त्याच्यापुढे कढई मुकी.

विसाव्या शतकानं नवी कढई आणली. १९२१ चा वसंत, कॅलिफोर्नियातलं बर्कली. जॉन लार्सन नावाचा शरीरशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला तरुण तिथे पोलीस खात्यात होता. मुलींच्या वसतिगृहात चोऱ्या होत होत्या. लार्सननं रक्तदाब आणि श्वास सलग कागदावर उतरवणारं यंत्र जुळवलं होतं. त्यानं मुलींना एकेक करून त्याला जोडलं आणि प्रश्न विचारले. चोर सापडल्याचं जाहीर झालं, वर्तमानपत्रांनी यंत्र डोक्यावर घेतलं. चाचणी दिलेल्यांपैकी एका मुलीशी लार्सननं पुढे लग्नही केलं. पण हाच लार्सन उतारवयात आपल्या यंत्राच्या विरोधात बोलू लागला. पोलिसांनी त्याचा वापर कबुलीजबाब उकळण्यासाठी चालवला, याचं त्याला दुःख होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीनं २००३ मध्ये सांगितलं की सुरक्षेसाठी कर्मचाऱ्यांची चाळणी करायला हे यंत्र भरवशाचं नाही. त्याआधीच ऑल्ड्रिच एम्सनं ते दाखवून दिलं होतं. सीआयएचा हा अधिकारी १९८५ पासून सोव्हिएत संघाला गुपितं विकत होता आणि १९८६ आणि १९९१ अशा दोन वेळा पॉलिग्राफमधून सहीसलामत बाहेर पडला. सोव्हिएत हस्तकांनी त्याला काही गुप्त विद्या शिकवली नव्हती. रात्री नीट झोप घे, शांत रहा, चाचणी घेणाऱ्याशी गोड बोल, एवढंच सांगितलं होतं.

निर्ढावलेला सुटतो आणि घाबरट अडकतो. कढईचं जे झालं तेच यंत्राचं झालं.

नार्को चाचणीची कथा याहून विचित्र आहे, कारण तिची सुरुवात बाळंतपणाच्या खोलीत झाली. टेक्सासमधले प्रसूतितज्ज्ञ रॉबर्ट हाउस १९१६ मध्ये एका बाईचं घरीच बाळंतपण करत होते. स्कोपोलामिनच्या गुंगीत ती होती. त्यांनी नवऱ्याला बाळाचं वजन करायला तराजू मागितला, त्याला तो सापडेना, आणि गुंगीतल्या बाईनं तराजू कुठे टांगला आहे ते सांगितलं. हाउसना वाटलं, या औषधाखाली माणूस खोटं बोलूच शकत नाही. १९२२ मध्ये त्यांनी डॅलसच्या तुरुंगातल्या कैद्यांवर ते वापरलं. तराजूचं उत्तर खरं निघालं हे पाहिलं गेलं. पण तिला तराजूविषयी खोटं बोलायचं कारणच काय होतं, हा प्रश्न विचारला गेला नाही. गुंगीत माणूस बडबडतो, त्यात आठवण असते, इच्छा असते, भीती असते आणि विचारणाऱ्याच्या प्रश्नातून पेरलेलंही असतं.

आपल्याकडे या गुंगीसाठी सोडियम पेंटोथाल आलं आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंगळूर, गांधीनगर, मुंबई इथल्या प्रयोगशाळांची नावं घरोघरी पोचली. मुद्रांक घोटाळ्यातल्या तेलगीची नार्को चाचणी आपण दूरचित्रवाणीवर पाहिली. जड जिभेनं तो नावं घेत होता, आणि दिवाणखान्यात बसलेला महाराष्ट्र 'आता सगळं बाहेर येणार' म्हणून ऐकत होता. आरोपी बेशुद्धीत काय बोलला हे सगळ्या देशाला दाखवण्यात काही गैर आहे असं तेव्हा फार थोड्यांना वाटलं. ५ मे २०१० रोजी 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या निकालात सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या तीन सदस्यीय पीठानं पायबंद घातला: नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी संमतीशिवाय कुणावरही करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, हे संविधानाच्या २० व्या अनुच्छेदातलं वचन त्यांनी माणसाच्या मनापर्यंत नेलं. तरी हौस गेली नाही. वसईच्या तरुणीचा दिल्लीत खून झाला तेव्हा, २०२२ मध्ये, आरोपीची नार्को होणार का, कधी होणार, काय निघणार यानं वाहिन्यांचे दिवस भरले. २०२५ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सक्तीच्या नार्कोविषयी तीच गोष्ट पुन्हा एकदा सांगावी लागली.

*

आता दुसरी बाजू. निरपराधाला चोर ठरवणारे आपण, खऱ्या ठगापुढे इतके सहज मान का टाकतो?

आमच्या शेजारी राहणारे काका चाळीस वर्षं बँकेत होते. धनादेशावरची सही पाहून हात थरथरला होता की नाही हे ते सांगत, आणि ते बरोबर निघे. मागच्या वर्षी त्यांना व्हिडिओ कॉल आला. समोर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी मांडणी, तुमच्या नावानं आलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला 'डिजिटल अरेस्ट' केली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही. दीड दिवस काका खोलीत बसून होते. काकूंना वाटलं बरं नाही. पैसे गेले ते गेलेच. पण मला त्यांनी जे सांगितलं ते पैशाविषयी नव्हतं. तो माणूस माझ्या डोळ्यांत बघून बोलत होता गं, असं ते दोनदा म्हणाले. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांना या प्रकाराबद्दल देशाला सावध करावं लागलं; अशी कुठलीही अटक कायद्यात नाही, थांबा, विचार करा, मग कृती करा.

काका मूर्ख नव्हते. टिमोथी लेव्हिन या संशोधकाचं म्हणणं असं, की माणसाचं मन समोरच्याचं बोलणं आधी खरंच धरतं. संशयाला वेगळं कारण लागतं. आणि बहुतेक वेळा हे धरणं बरोबर असतं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हजार अमेरिकनांना मागच्या चोवीस तासांत किती खोटं बोललात असं विचारलं. साठ टक्के म्हणाले, एकदाही नाही. जेवढं खोटं मोजलं गेलं त्यातलं जवळजवळ निम्मं पाच टक्के लोकांनी मिळून बोललेलं होतं. दूधवाला पाणी घालतो की नाही हे रोज तपासत बसलो तर चहा होणार नाही. विश्वासावरच संसार चालतो. फसलेल्या माणसाला 'तुला कळलं कसं नाही' असं विचारणं म्हणूनच क्रूर आहे. काकांची चूक विश्वास ठेवण्यात नव्हती. फोन ठेवून शेजारचं दार वाजवावं, हे त्यांना कुणी करू दिलं नाही. ठगांची सगळी विद्या त्या एका सूचनेत होती: कुणाला सांगू नका. पडताळा होऊ नये, एवढीच त्यांची खटपट होती.

याच जागी अलीकडचं संशोधन उपयोगी पडतं. आल्डर्ट फ्राय यांच्यासारखे मानसशास्त्रज्ञ आता चेहऱ्याकडे बघायचं सोडून प्रश्नांकडे वळले आहेत. घडलेलं उलट क्रमानं सांगा. त्या हॉटेलात कुठे बसला होतात त्याचा नकाशा काढा. जो प्रश्न आधी ठरवून आलेल्या माणसाच्या डोक्यात नसतो, तो विचारा. स्वीडनमध्ये मारिया हार्टविग आणि सहकाऱ्यांनी ८२ प्रशिक्षणार्थी पोलिसांना घेऊन प्रयोग केला. पाकीट चोरल्याचं नाटक काहींनी केलेलं, काहींनी नाही. अर्ध्या प्रशिक्षणार्थींना एक साधी गोष्ट शिकवली: हातातला पुरावा आधी दाखवू नका. माणसाला मोकळेपणानं सगळं सांगू द्या, मग पुराव्याच्या आजूबाजूचं विचारा, पुरावा शेवटी. निरपराध माणूस आपण त्या दुकानात गेलो होतो, त्या पिशवीला हात लागला होता हे सहज सांगून टाकतो. चोर ते टाळतो, आणि टाळलेलं उघड पडतं. न शिकलेले ५६ टक्के बरोबर होते, शिकलेले ८५ टक्के. नजरेचा, घामाचा त्यात काही भाग नव्हता.

आणि हेही आपल्या मुलुखाला नवं नाही. महाउम्मग्ग जातकात महोसधाची गोष्ट आहे. एकानं दुसऱ्याचे बैल चोरले, दोघेही म्हणतात माझेच. महोसध नुसतं दोघांच्या तोंडाकडे बघून निवाडा देत नाही. तो आधी विचारतो, माझा निवाडा मान्य कराल ना? मग चोराला विचारतो, बैलांना खायला काय घातलंस? चोर ऐटीत सांगतो, पेज पाजली, तिळाचं पीठ घातलं, उडीद घातले. मग मालकाला विचारतो. तो म्हणतो, गरीब माणूस मी, पेज कुठली घालणार, गवत घातलं. महोसध ओकारीचं औषध वाटून बैलांना पाजायला लावतो. बैल गवत ओकतात.

आपल्या कायद्यानंही हे ओळखलं होतं. १८७२ च्या पुरावा कायद्यानं पोलिसांपुढची कबुली मुळात नाकारली, आणि २७ व्या कलमात एवढंच मान्य केलं, की आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू खरोखर सापडली तर तेवढा भाग घ्यावा. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते परंतुक म्हणून आलं आहे. नेहमीचेच पंच आणि आधीच ठेवलेला कोयता यांनी या कलमाची काय दुर्दशा केली, तो स्वतंत्र लेखाचा विषय. पण कलमामागची दृष्टी महोसधाची आहे.

आमच्या घरी त्या वर्षी दिवाळीची आवराआवर निघाली. वरच्या फळीवरचे पितळी डबे खाली काढले. आजीनं वर्षाचा आंबेमोहोर ठेवलेला डबा कापडावर ओतला आणि तांदुळातून रुमालाची गाठ घरंगळत बाहेर आली. आत शंभराच्या पाच नोटा. आजी बराच वेळ ती गाठ हातात धरून बसली. मग उठली, नोटा देवापुढे ठेवल्या आणि तांदूळ पुन्हा डब्यात भरायला लागली. आईनं विचारलं, त्यांच्याकडे कुणाला पाठवायचं का. आजी काही बोलली नाही. संध्याकाळी पाहुणे आले, फराळाची तयारी सुरू झाली. नदीपलीकडच्या त्या वस्तीत आमच्यातलं कुणीच गेलं नाही.